मदत हवी आहे : बुलेट सोडून होंडा घेतोय, पायाचं काय करू?

जुनी ३५० सीसी बुलेट अठरा वर्षं चालवतोय. गिअर उजव्या पायात, पहिला वर, उरलेले तीन खाली, ब्रेक डावीकडे. आता होंडा सीबी ३५० मनात भरलीय. ग्रुपमधले 'फितूर' म्हणतात, म्हणू देत. खरी अडचण वेगळी. होंडात सगळं उलटं: गिअर डाव्या पायात, ब्रेक उजवीकडे. टेस्ट राइडला वळणानंतर गिअर चढवायला उजवा पाय दाबला आणि मागचा ब्रेकच लागला! एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) होतं म्हणून निभावलं.

बुलेट विकणार नाहीये (बायको काहीही म्हणो). दोन्ही आलटून पालटून चालवणारं कोणी आहे का? पायाची सवय किती दिवसांत बदलते? की बुलेट काही महिने झाकूनच ठेवू? 'होईल सवय' सोडून काहीतरी सांगा.