अनुभव धागा: ध्यानाला बसलात, मग माणसांशी काय बदललं?

मी तिवसा तालुक्यातला. घरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची परंपरा, बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. लहानपणी डोळे मिटून मी फक्त ते संपायची वाट पाहत असे. बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर बसायला लागलो, तेव्हा कुठे ते आत उतरलं.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद पेटला. तो तोंडाला येईल ते बोलत होता. माझी छाती धडधडली, कान तापले, आणि ते होताना मला दिसलं. एवढंच झालं. पण त्यामुळे शिवी ओठातच राहिली आणि त्याचं पुढचं वाक्य कानावर पडलं: कर्ज थकलंय, नोटीस आलीय. धुरा निमित्त होता.

तुमच्या ध्यानाचा दुसऱ्याला काय उपयोग झाला, ते लिहा.

कापूसवाला, राळेगाव:
२०१७ च्या बोंडअळीनं माह्यं सारं नेलं. बोंड फोडलं का आत गुलाबी अळी. झोप उडाली. भाच्यानं मले नागपूरजवळच्या माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात नेऊन सोडलं. १० दिवस. पहाटे ४ वाजता घंटी, बोलणं बंद, मोबाईल जमा. फी नाही, आधी शिबिर केलेल्या लोकायच्या दानावर चालते. पहिले तीन दिवस नाकापाशी श्वास पाहाचा, बस. तिसऱ्या दिवशी म्या पिशवी भरली होती, गुडघे असे ठणकत का रडू ये. चौथ्या दिवशी अंगावरच्या संवेदना पाहाले शिकवलं. तवा समजलं, ठणकही एकसारखी राहत नाही. वाढते, सरकते, विरते. कर्जाची भीती तशीच. कर्ज काही गेलं नाही, फेडूनच राहिलो.

दहाव्या दिवशी मैत्री भावना, म्हणजे साऱ्यायचं भलं चिंताचं. आता जागलीले मचाणावर अर्धा तास बसतो. शेजारचा पोरगा, बाप नसलेला, तोही येते. तो लय बोलते. मी ऐकतो.

आशाताई, पुसद तालुका:
मी आशा कार्यकर्ती, घरोघरी जाते. दाराची कडी वाजवण्याआधी मी तीन श्वास मोजते. आधीच्या घरातली चिडचिड पुढच्या घरात न्यायची नाही म्हणून.

एका घरी कर्त्या माणसाने आत्महत्या केली होती. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या बायकोला “धीर धर, पोरांकडे बघ” हेच सांगत राहिले. तिने मान फिरवली. दुसऱ्या वेळी काही बोललेच नाही, तिच्यासोबत तूर निवडत बसले. तासाभराने ती आपणहून बोलली. एवढा वेळ गप्प बसणं मला आधी जमलं नसतं.

पण पुढे माझी चूक झाली. तिला डोळे मिटून बसायला सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तेच दृश्य आलं. अंग थरथरायला लागलं. डोळे उघडायला लावले, पाय जमिनीवर टेकवले, हातात थंड पाण्याचा गडू दिला. मग मानसोपचाराच्या डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन गेले. गोळ्या सुरू आहेत, आता शेतावर जाते. जखम ताजी असेल तर ध्यान लादू नका, हात जोडून सांगते. मनाच्या त्रासात मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो पिठाच्या चक्कीवर लिहून ठेवलाय.

धागाकर्ता:
ताई, तो नंबर आज आमच्या प्रार्थनेच्या जागी भिंतीवर लिहिला.

शिक्षक, आरमोरी:
परिपाठाआधी दोन मिनिटं मुलं डोळे मिटून फक्त आवाज मोजतात. काल एकीला नऊ आवाज आले, त्यात शेजारच्या मुलीचं मुसमुसणंही होतं. तिनेच मला येऊन सांगितलं. त्या मुसमुसणाऱ्या मुलीच्या घरी आजी वारली होती, मला पत्ताच नव्हता.

लाखांदूरहून:
आई धानाच्या रोवणीला जाते. तिला विचारलं, ध्यान करशील का? म्हणाली, “चिखलात पाय अन् हातात पऱ्ह्याची पेंडी असली का दुसरं काही सुचतच नाही, अजून काय करू?” पटलं. फक्त रात्री तिचे पाय ठणकतात, झोप लागत नाही. मी तेल लावून देतो आणि तेवढा वेळ स्वतःच्या श्वासावर राहतो, हातांची घाई होऊ देत नाही. आधी पाच मिनिटांत उरकायचो. आता तिचा डोळा लागेपर्यंत बसतो.