सायकलच्या भंगारातून पवनचक्की : घराची वीज की नुसती हौस?

धागाकर्ता : “जुन्या सायकलच्या चाकाला पाती बसवली की घराच्या विजेची चिंता मिटते”, असे छातीठोकपणे सांगणारे लेखन काल वाचले आणि राहवले नाही. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्तीचा एक अष्टमांशच उरतो. एक मीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदाला ४ मीटर वेगाने वारा आला, तर त्यात जेमतेम ३० वॅट असतात. बेट्झच्या मर्यादेनुसार त्यांतील ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणालाच मिळत नाहीत, आणि हाताने तासलेल्या पात्यांनी त्याच्या निम्मे काढले तरी नशीब म्हणायचे. यावर फ्रीज चालवून दाखवावा.

चाकवेडा : फ्रीजची गोष्ट त्या लेखकाला विचारा. हब डायनॅमो, म्हणजे सायकलच्या चाकाच्या मध्यभागी बसणारे छोटे जनित्र, मुळातच ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने धावताना, म्हणजे मिनिटाला सुमारे ११५ फेऱ्यांत, तो तेवढे देतो. एवढ्या फेऱ्या चक्र थेट देते, त्यामुळे फेऱ्या वाढवायला साखळीची कटकटच नको. माझ्या जिन्यातला एलईडी दिवा दोन वर्षे यावरच जळतो आहे.

जुना वायरमन : आधी त्याला डायनॅमो म्हणणे थांबवा. त्यात फिरते चुंबक आहे, कम्युटेटर (वीज एकाच दिशेची करणारा भाग) नाही. तो अल्टरनेटर, म्हणजे एसी (दिशा बदलत राहणारी वीज) देणारे जनित्र आहे.

चाकवेडा : सायकलवाले पिढ्यान्‌पिढ्या डायनॅमोच म्हणत आले आहेत. नाव बदलल्याने वॅट वाढणार आहेत का?

जुना वायरमन : वाढणार नाहीत, पण घटतात कुठे ते कळेल. एसी असल्यामुळे ती एका दिशेची करायला ब्रिज (चार डायोडांची जोडणी; डायोड प्रवाह एकाच दिशेने सोडतो) लावावा लागतो, एका वेळी दोन डायोडांतून प्रवाह जातो आणि साध्या सिलिकॉन डायोडांत सुमारे १.४ व्होल्ट वाया जातात. सहापैकी! नावाची टिंगल करणाऱ्यांनी निदान कमी व्होल्ट खाणारे शॉट्की डायोड तरी वापरावेत.

चाकवेडा : वापरतो. शिकवणी नको.

धागाकर्ता : नावावरून भांडून झाले असेल तर ऐका. माझीही एक चक्की होती. बॅटरी भरल्यावर मी चक्कीचा भार, म्हणजे वीज खेचणारी जोडणी, तोडत असे. एका रात्री वाऱ्यात भाराविना चक्र भन्नाट सुटले, चाकाच्या आरीला तारेने बांधलेले पाते निखळले आणि शेजारच्या पत्र्यात रुतले.

जुना वायरमन : जादा वीज खाणारा रोध जोडला नव्हता, यात सायकलचा काय दोष?

धागाकर्ता : दोष माझाच, हे मान्य. जिन्यातल्या दिव्यापुरती आपली पवनचक्की थोर आहे, हेही मान्य. फ्रीजचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.