विषय: भाच्याचा रेझ्युमे – बेदाणा लिहायचा का? (उद्या सकाळपर्यंत)

मंगल (सध्या विश्रामबाग, सांगली):
मंडळी, मी अजून इथेच आहे, परतीचं तिकीट पुढच्या गुरुवारचं. भाच्याला पुण्यात परचेसच्या जागेसाठी उद्या दहापर्यंत (इथले दहा) अर्ज टाकायचाय. हा तोच, दिवाळीला मंडळाने ज्याच्याकडून बेदाणा मागवला तो. कुपवाडला चार वर्षं नोकरी, आणि रात्री-रविवारी हे. ओळखीच्या अडत्यामार्फत तासगावच्या सौद्यातून (बेदाण्याच्या लिलावातून) माल उचलतो, माडीवर निवडतो, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या भरतो. आता म्हणतोय, आत्या, हे लिहायचं नाही, हसतील. मी म्हणते लिही. भावजय म्हणाली, तुमच्या अमेरिकेतल्या मंडळाला विचारा. म्हणून विचारतेय.

अण्णा:
अजिबात लिहू नये. 2022 ला विप्रोने 300 जणांना घरी पाठवलं ते कशासाठी? दोन ठिकाणी काम सापडलं म्हणूनच ना? आता यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, दोन पीएफ दिसले की लगेच कळतं. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना शनिवारी तबला शिकवायचो, पण एक डॉलर घेतला नाही, कारण व्हिसा एकाच मालकाच्या नावावर. मिरजेच्या गुरुजींनी सुद्धा फोनवर हेच सांगितलं होतं.

नलूमाई:
अण्णा, गुरुजींना व्हिसातलं काय कळतं? आणि विप्रोची ती माणसं प्रतिस्पर्ध्यांकडे काम करत होती. बेदाण्याला कुठला आलाय पीएफ?
मंगल, मी एकवीस वर्षं माणसं निवडलीत. परचेसच्या जागेला सगळे ‘वाटाघाटी कौशल्य’ लिहितात. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, मग या भावात शेतकऱ्याला काय उरतं, हे डोक्यात असलेला पोरगा मी समोर बसवून घेतला असता. ‘छंद’ या मथळ्याखाली मात्र घालू नकोस, तिथे घातलं तर खरंच हसतील. दोन ओळी, आकड्यांसकट. आधी त्याचं कुपवाडचं नेमणूकपत्र काढ आणि वाच.

बापू (खजिनदार):
आकडे लिहायचेच तर सगळे लिहा. दिवाळीच्या 40 किलोंतला 6 किलो गोळा होऊन आला होता. त्यातला थोडा अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे. आणि पुढची ऑर्डर खाद्यसमितीमार्फतच जाईल, परस्पर कोणी देऊ नये. हे मागच्या बैठकीत ठरलंय.

दादा विटेकर:
बापू, तो माल कच्चा नव्हता. कोल्ड स्टोरेजमधून काढून गार असतानाच पिशवीत बंद केला की आत पाणी सुटतं. एक रात्र बाहेर ठेवायला हवा होता. आमच्या शेडवर वडील रॅकवरच्या मालाला रात्री हात लावू द्यायचे नाहीत. मंगलताई, अजून एक. रेझ्युमेत ‘तासगाव बेदाणा’ लिहू नका. 2016 ला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ते सांगलीच्या बेदाण्याला.

अण्णा:
तासगाव काय सोलापुरात आहे का?

मंगल:
नलूमाई, पत्र सापडलं. कपाटात, रेशनकार्डाखाली. ‘लेखी परवानगीशिवाय अन्य नोकरी वा धंदा करू नये.’ पोरगा पांढराफटक पडला. मग भावजयीने स्वयंपाकघरातूनच सांगितलं की एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर तिच्या नावावर आहे, बँकेचं खातंही तिचंच. पिशवीवर छापलंय, मीच कधी चष्मा लावून वाचलं नव्हतं. आता काय लिहायचं? धंदा आईचा, राबतो हा.

नलूमाई:
मग तेच लिही की. ‘घरच्या बेदाणा व्यवसायात खरेदी आणि प्रतवारी पाहतो.’ मालक म्हणून नको, संस्थापक तर नकोच, आजकाल प्रत्येकजण संस्थापक असतो. नव्या ठिकाणी विचारलं तर पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं, नेमणूकपत्रावर सही करायच्या आधी.

अण्णा:
आईच्या नावावर धंदा आणि मुलाच्या नावावर अनुभव. वकिलाला विचारा. सही करायच्या आधी सांगावं हे मात्र बरोबर, तेवढं मान्य.

बापू:
खातं वहिनींचं असेल तर दिवाळीचा धनादेश मी भाच्याच्या नावाने का काढला होता? पावती पाठवा.

मंगल:
बापू, त्याचे पैसे त्याने त्याच आठवड्यात आईच्या खात्यात भरलेत. पासबुकाचा फोटो वेगळा पाठवते.
नऊ चाळीसला गेला अर्ज. दोनच ओळी. दुसरी त्याची त्यानेच लिहिली: ‘एका ऑर्डरीत 40 पैकी 6 किलो माल ओलाव्याने खराब झाला. त्यानंतर कोल्ड स्टोरेजमधला माल बारा तास उघडा ठेवूनच भरतो.’ मी म्हटलं काढ रे ते, तर म्हणाला राहू दे, विचारतील तेव्हा बोलायला काहीतरी आहे.
दादा, ते ‘सांगली’च लिहिलंय. माझी बॅग भरलीय, येताना बेदाणा आणायला कोणी सांगू नका.

बापू:
समितीतर्फे दोन किलो चालेल का?