रोमन चांदीचे नाणे एका पिढीपुरतेच होते काय?

झिजलेला शिक्का : ‘सम्राट बदलला की नाणे बदलले, म्हणून देनारियस हे रोमन चांदीचे नाणे फार तर एक पिढीभर चालत असे,’ असे अपरांत यांनी काल इतक्या ठामपणे लिहिले आहे की उत्तर देणे भाग आहे. रोमन सेनानी अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेले देनारियस इंग्लंडमधील शॅपविकच्या ठेव्यात निघाले आणि त्या ९,२६२ नाण्यांतील सर्वांत अलीकडची नाणी इ.स. २२४ च्या सुमाराची आहेत. अडीचशे वर्षांची पिढी आपल्याकडेच असावी.

अपरांत : पुरून ठेवलेले नाणे म्हणजे चलनातील नाणे नव्हे. शिवाय अँटनीच्या नाण्यांत चांदी कमी होती, म्हणूनच ती कोणी वितळवली नाहीत. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने एका रोमन पाउंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला सुरुवात केली, तेव्हापासून जुनी वजनदार नाणी बाजारातून हळूहळू नाहीशी झाली. माझ्या पणजीने १९४० नंतर निम्म्या चांदीचे रुपये येताच राणीछाप रुपये मडक्यात पुरले होते. चांगल्या नाण्याचे नेहमी हेच होते.

झिजलेला शिक्का : पणजींविषयी आदर आहे, परंतु त्या नीरोनंतरच्या सम्राट ट्रेजनच्या काळात नव्हत्या. रोमन इतिहासकार डिओ सांगतो की ट्रेजनने झिजलेली जुनी नाणी वितळवली; बाजारात जी नव्हती, ती त्याने कोठून आणली? इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातही सम्राटांआधीच्या प्रजासत्ताककाळातील देनारियस विपुल आहेत.

गोदातीर : तुम्हा दोघांना रोमच दिसते! नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान या शक क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का उमटवला होता, आणि आमच्या शालेय पुस्तकात मात्र त्यांना एक ओळही नव्हती. क्षत्रपांची ही चांदी रोमन नाणी वितळवून आली असावी, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर दख्खनेत देनारियसचे आयुष्य भट्टीपर्यंतचेच होते.

अपरांत : पाहा, माझेच म्हणणे.

झिजलेला शिक्का : ‘असावी’ या शब्दावर इमारत उभी करू नका. ज्या पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारग्रंथात भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांत बदलून नफा मिळतो असे लिहिले आहे, त्याच ग्रंथात अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांची जुनी द्रम्मे तेथे अजून चालतात, असेही नोंदले आहे. सोयीची ओळ उचलायची आणि पुढची सोडायची, याला अभ्यास म्हणत नाहीत.

गोदातीर : ती ओळ मला ठाऊक आहे, शिकवणी नको. ती द्रम्मे वितळवली गेली नाहीत म्हणून देनारियसही गेले नसतील, हा तर्क कोणता? भडोच हे बंदर, तेथे परक्या नाण्याला गिऱ्हाईक होते. मी घाटावरच्या बाजाराविषयी बोलत आहे.

झिजलेला शिक्का : घाटावरचे तुम्ही पाहा. मूळ प्रश्न रोमन साम्राज्यातील बाजाराचा आहे आणि तेथील साक्ष झिजेची आहे. ठेव्यांतील अँटनीच्या कित्येक नाण्यांवरील जहाज आणि ध्वज जवळजवळ पुसले गेले आहेत. मडक्यात पडून नाणे असे झिजत नाही. ते हातोहात फिरावे लागते.

अपरांत : झिजेचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो, टोमण्यांसह. तर माझे विधान असे वाचावे : हिणकस देनारियस पिढ्यान्‌पिढ्या चालला, उत्तम चांदीचा मात्र नीरोनंतर फार टिकला नाही.

झिजलेला शिक्का : पॉम्पेईतील नाणी उत्तम चांदीचीच होती, आणि नीरोच्या त्या बदलानंतर पंधरा वर्षांनीही ती गल्ल्यात होती. एवढे वगळले की आपले विधान निर्दोष आहे.