नवी जात व्हायला डोंगर किंवा समुद्र आड यावाच लागतो का?

कृष्णाकाठ
सजीवांच्या एका जातीचे दोन गट डोंगराने किंवा समुद्राने तुटले, लाखो वर्षं वेगळे राहिले, की दोन जाती होतात, असं आपण शिकलो. वनस्पतींना हा नियम सरसकट लावू नये, असं माझं ठाम मत आहे. पुरावा रोज ताटात असतो.

आमच्याकडे खपली गहू होतो. ओंबी मळली तरी दाणा तुसातून सुटत नाही, कांडावा लागतो. खपलीत गुणसूत्रं (पेशीतले जनुकं वाहणारे धागे) 28, पोळीच्या नेहमीच्या गव्हात 42. वरची 14 आली कुठून? आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राकडच्या शेतांत खपलीच्या कुळातल्या गव्हाशेजारी 14 गुणसूत्रांचं एक रानगवत वाढायचं. दोघांचा संकर झाला. असा संकर एरवी खेचरासारखा वांझ: आईबापांकडून निम्मी-निम्मी येतात, म्हणून इकडची 14, तिकडची 7, कुणालाच नीट जोडी नाही. पण वनस्पतींत कधीकधी पेशीविभाजन चुकतं आणि संच दुप्पट होतो. 21 ची 42 झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला, दाणा धरला. एकाच शेतात, दोन-चार पिढ्यांत नवी जात! सांगा, कुठला डोंगर आड आला?

रानवाट
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. त्या 28 वाल्या गव्हाचं मूळ पश्चिमेकडच्या टापूत, गवत कॅस्पियनकडचं. शेतकऱ्यांनी बी पूर्वेला नेलं तेव्हा गाठ पडली. म्हणजे ताटातूट आधीच होऊन गेली होती, तुम्ही फक्त शेवटचा दिवस सांगताय. शिवाय 42 वाल्या गव्हात 28 वाल्यांची जनुकं नंतरही मिसळत राहिली. मग कुंपण पक्कं कुठे होतं?

कृष्णाकाठ
मिसळत राहिली, मान्य. पण बी नेल्यामुळे अंतर मिटलं, वाढलं नाही! जात जन्मली ती भेटीतून. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात हेच घडलं. ट्रॅगोपोगॉन नावाच्या रानफुलाच्या तीन जाती युरोपातून तिथे आल्या, प्रत्येकीची गुणसूत्रं 12. त्यांच्या संकरातून 24 गुणसूत्रांच्या दोन नव्या जाती झाल्या, त्यांची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ मॅरियन ओनबे यांनी 1950 मध्ये केली. तिन्ही आईबाप जाती त्याच भागात, रस्त्याकडेला उगवत होत्या.

माडबन
तुम्ही दोघंही दुपटीतच अडकलात. गुणसूत्रं दुप्पट न होताही हे घडतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव नावाचं बेट आहे, जेमतेम 15 चौरस किलोमीटरचं. तिथे हाविया पामच्या दोन जाती आहेत, जगात इतर कुठेही मूळच्या नाहीत. त्यातली एक म्हणजे नर्सरीत कुंडीत मिळणारा केंटिया. तो मुख्यतः चुनखडीच्या जमिनीवर वाढतो, दुसरा ज्वालामुखीच्या मातीत. दोघांच्या फुलोऱ्यात सुमारे सहा आठवड्यांचं अंतर. परागकण वाऱ्याने उडतात, पण समोरचं फूल तयारच नसेल तर वारा काय करणार? 2006 मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं की बेट तयार झाल्यानंतरच या दोन जाती वेगळ्या झाल्या.

रानवाट
बेट पूर्वी बरंच मोठं होतं, समुद्राने झिजवलं. तरीही एवढ्याशा जागेत वाऱ्याला अडवेल अशी भिंत मलाही दाखवता येत नाही. पामचं मान्य करतो. गव्हाचं नाही. आधीची ताटातूट वगळून ती गोष्ट सांगताच येत नाही.