जुन्या कॉन २०के सुसाफोनला (अंगाभोवती घेऊन वाजवायचं मोठं पितळी वाद्य) नेक, म्हणजे तोंडाकडची वाकडी नळी, कुठली बसेल?
यावर एकाने सांगितलंय की सुसाफोनची नेक कुठलीही चालते, जरा घासून बसवा. अहो नका हो असं करू! कॉन आणि किंग या दोन कंपन्यांच्या नेकचा टेनन (वाद्यात घुसणारं टोक) वेगवेगळ्या मापाचा असतो, आणि २०केचा बोअरच (नळीचा आतला व्यास) .७३४ इंच आहे, किंग २३५०चा .६८७. आधी व्हर्नियर घेऊन रिसीव्हरचं (नेक जिथे बसते ती जागा) आतलं माप घ्या, तोंडाशी आणि थोडं आत असं दोन्हीकडे, कारण जुने रिसीव्हर स्क्रू आवळून आवळून अंडाकृती झालेले असतात आणि मग आपण उगाच नेकला दोष देत बसतो.

टेनन सैल असेल तर पितळी स्लीव्ह डाग देऊन बसवता येते, जाड असेल तर मात्र कामाच्या माणसाकडेच द्या. लांबीपण बघा, बीफ्लॅट सुसाफोनची नळी साधारण १८ फूट, म्हणजे १ इंच वाढला की सूर ८ सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आसपास उतरतो, तेवढं बिट्स (नेक आणि माउथपीसमधले नळीचे छोटे तुकडे) सरकवून निघतं. पण बिट्स नेकबरोबरच्याच मिळाल्या तर बरं, नाहीतर तिथेही हेच सगळं परत.

ट्यूबाचं वेगळं, तिथे लीडपाइप (माउथपीस बसतो ती नळी) डाग दिलेला असतो.