पोटावर नळी आणि फिट्सचा त्रास असलेल्या मुलीसाठी अंगणवाडी, खासगी बालवाडी की विशेष केंद्र? (सेलू-परभणी परिसर)

सेलूची आई

नमस्कार. आमची मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. ती सातव्या महिन्यात जन्मली, तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे, अधूनमधून फिट्स येतात, आणि गिळताना अन्न श्वासनलिकेत जात असल्यामुळे गेल्या वर्षी तिच्या पोटावर गॅस्ट्रोस्टॉमीची, म्हणजे थेट जठरात अन्न भरवण्याची, नळी बसवली आहे. तिला बोलता येत नाही, पण समजते भरपूर. गल्लीतली मुले दप्तर घेऊन निघाली की ती दाराकडे हात करते.

एका खासगी बालवाडीने पहिल्या भेटीत लगेच होकार दिला, शुल्कही घेतले आणि नळी पाहिल्यावर आमच्याकडे अशी सोय नाही म्हणून परत पाठवले. शुल्क परत मिळाले, त्यामुळे तो विषय संपला. आता गल्लीतली अंगणवाडी, दुसरी एखादी बालवाडी, किंवा लातूर अथवा छत्रपती संभाजीनगर येथे बिऱ्हाड हलवून विशेष केंद्र, असे तीन मार्ग दिसतात. मुलीच्या वडिलांची नोकरी येथेच आहे. ज्यांनी अशा मुलांना वर्गात पाठवले आहे किंवा शिकवले आहे, त्यांनी कृपया सांगावे की निवड करताना नेमके काय पाहावे.

निवृत्त पर्यवेक्षिका, नांदेड

ताई, माझे मत अंगणवाडीच्या बाजूने आहे, आणि ते केवळ अंगणवाड्यांच्या खात्यात नोकरी केली म्हणून नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशालेय शिक्षण हे ठरलेले काम आहे. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यावे याची स्वतंत्र कार्यपद्धती केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 28 नोव्हेंबर 2023 रोजी जाहीर केली आहे. त्यामुळे सेविकेने अडचण सांगितली तर ती ऐकून घ्या, परंतु नकार मिळाला तर थेट बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता कागदाबाहेरचे. वर्ग कोणताही असो, पहिल्या भेटीत समोरची व्यक्ती काय विचारते ते पाहा. फिट येण्याआधी काही खूण दिसते का, मुलीला काय आवडते, ती नको कसे सांगते, असे जिथे विचारले जाते तिथे मूल टिकते. ‘काही काळजी करू नका’ एवढेच जिथे ऐकू येते तिथे काळजी करावी. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत, श्वासासाठी गळ्यावर नळी असलेला एक मुलगा दोन वर्षे आला, आणि तो आला तो मदतनीस बाईंच्या जोरावर. त्या दाराशी खिचडी ढवळत उभ्या असतानाही त्याच्या श्वासाचा आवाज बदलला की वळून पाहत. म्हणून सेविकेइतकीच मदतनीसांशीही ओळख करून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. ते कधी येणार हे विचारून ठेवा आणि त्यांच्यामार्फत परभणीच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप सेवेसाठी (लहान वयातच तपासणी, उपचार आणि थेरपी) संदर्भचिठ्ठी मिळवा.

जालन्याचा बाबा

ताईंच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. आमच्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. अंगणवाडीतील सेविका मनापासून करत होत्या, परंतु बैठक, पोलिओची मोहीम, सर्वेक्षण आणि मोबाइलमधील नोंदी यांत त्यांचे कितीतरी दिवस जात, आणि त्या नसताना साखर उतरल्याची लक्षणे ओळखणारे कोणीच नसे. शेवटी आम्ही दोन शिक्षिकांच्या एका छोट्या खासगी बालवाडीत गेलो आणि तिथे बरे चालले आहे. म्हणून संस्थेची पाटी पाहण्यापेक्षा, नेहमीची व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशी कोण, हे नावासकट विचारावे. त्या दुसऱ्या व्यक्तीलाही सगळे शिकवून ठेवावे.

मराठवाड्यात उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दप्तरात ठेवलेले औषध खराब होते. आम्ही इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ठेवतो. तुमच्याकडे फिटसाठी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा दिला असेल, तर तो किती तापमानात ठेवावा हे वेष्टनावर पाहा आणि वर्गातील सावलीची, मुलांचा हात न पोहोचणारी जागा शिक्षिकेसमोरच ठरवा.

बाल-फिजिओथेरपिस्ट, लातूर

विशेष केंद्रासाठी घर हलवण्याची घाई करू नये. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ केंद्र आहे; अशा ठिकाणी जाऊन मूल्यमापन करून घ्यावे, घरी करायचे व्यायाम आणि बसवण्याची पद्धत शिकून यावे आणि ठराविक काळाने पुन्हा दाखवावे. थेरपी आणि वर्ग या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली मिळाल्याच पाहिजेत असे नाही. चार वर्षांच्या मुलीला इतर मुलांचा गोंगाट, गाणी आणि भांडणे मिळतात ती वर्गात.

वर्गात पहिली गरज खुर्चीची. पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार, पाय टेकलेले, समोर पाट. आणि उंची अशी की बाकीची मुले चटईवर बसली तर तिचे डोळे त्यांच्या पातळीला यावेत. उंच खुर्चीत ठेवलेले मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर राहते. गावातला सुतार ही खुर्ची करून देतो, मात्र मापे थेरपिस्टकडून घ्यावीत.

फिटबद्दल एका पानावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून डॉक्टरांची सही घ्यावी: कुशीवर वळवणे, तोंडात चमचा, पाणी किंवा कांदा यांपैकी काहीही न घालणे, घड्याळ पाहणे, आणि फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ठरवून दिलेले औषध देऊन 108 ला फोन करणे. औषधाची मात्रा वजनावर असल्याने मूल वाढले की ते पान बदलावे लागते, हे बहुतेक घरांत राहून जाते. चप्पल हुंगवण्याचा आग्रह आजही काही ठिकाणी होतो, तोही त्या पानावर स्पष्ट शब्दांत नाकारावा.

सेलूची आई

सर्वांचे आभार. अंगणवाडी घरापासून चार घरे सोडून आहे आणि काल तेथील ताईंनी स्वतःहून विचारले की नळीला हात लागला तर तिला दुखते का. त्यामुळे कल तिकडे आहे. प्रश्न एवढाच उरतो की नळीतून भरवायचे कोणी? ताईंवर ते लादणे मला योग्य वाटत नाही.

निवृत्त पर्यवेक्षिका, नांदेड

लादूही नये. अंगणवाडी काही तासांचीच असते, तेव्हा डॉक्टरांना विचारून एक फीड वर्गाच्या आधी आणि एक नंतर असे वेळापत्रक बसते का ते पाहा. बसले तर वर्गात कोणालाही नळी हाताळावी लागत नाही. मात्र आहाराच्या वेळी तिला कोपऱ्यात बसवू देऊ नका. ताटल्या वाटण्याचे काम तिच्या पाटावरून होऊ द्या. गिळण्याच्या तज्ज्ञांनी परवानगी दिली तरच जिभेला चव, एरवी नाही.

जालन्याचा बाबा

कागदपत्रांचेही आताच पाहा. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढले नसेल तर काढा. सेरेब्रल पाल्सीसाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण असून थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत येतो.

बाल-फिजिओथेरपिस्ट, लातूर

वेळापत्रक बसले तरी नळी निसटण्याची शक्यता उरतेच, आणि ओढाताण करणारी मुले आसपास असताना ती जास्त. अंगरख्याखाली पोटपट्टा बांधावा. नळी बाहेर आलीच तर वर्गातील कोणीही ती आत ढकलू नये. छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून लगेच तुम्हाला बोलवावे आणि रुग्णालय गाठावे, कारण ते छिद्र काही तासांतच आकसू लागते. त्याच मापाची दुसरी नळी पिशवीत ठेवा आणि माप पिशवीवर बाहेरून ठळक लिहा. तालुक्याच्या रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येतो आणि त्या घाईत आईलाही तो आकडा आठवत नाही.